पौर्णिमा विहाराची, अमावस्या मैदानाची

25 जानेवारी 2025, शनिवार. दुसऱ्या दिवशीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम आटोपल्यावर मुले-मुली मैदानावरच थांबली होती. शेजारच्या जिल्ह्यातून चार हौशी आकाशनिरीक्षक दोन दुर्बिणी घेऊन शाळेत आले होते. एक बँकेत नोकरीला, एक आयटीआयमध्ये शिकवणारे, दोघे महाविद्यालयीन विद्यार्थी. मानधन त्यांनी घेतले नाही. आमच्या भोजनगृहातील भाजी-भाकरीवर समाधान मानले. पश्चिमेला शुक्र झळाळत होता, त्याच्यापासून थोड्या अंतरावर मंद पिवळसर शनी, डोक्यावर रोहिणीजवळ गुरू आणि पूर्वेला पुनर्वसूपाशी तांबूस मंगळ. चंद्र पहाटे उगवणार असल्याने अंधार चांगला होता.

शनी पाहण्यासाठी सर्वांत मोठी रांग लागली. मुलांच्या मनात पुस्तकातील कड्यांचे चित्र होते. त्या वर्षी शनीची कडी पृथ्वीवरून जवळजवळ धारेवर दिसत होती, त्यामुळे एका ठिपक्यातून आरपार गेलेली बारीक रेघ तेवढी दिसली. सुमारे पंधरा वर्षांनी एकदा असे घडते, हे त्या बँकेतील गृहस्थांनी हाताच्या तळव्यावर ताटली तिरपी धरून समजावले. रांगेच्या शेवटी आमच्या भोजनगृहातील मावशी उभ्या होत्या. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावूनच ठेवला आणि मग म्हणाल्या, "हा व्हय शनी? एवढुसा? अन् यालेच मी इतके साल तेल वाह्यलं?"

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. मावशींच्या घरात तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांचे तैलचित्र आहे, मुलाचे लग्न त्यांनी बौद्ध पद्धतीने लावले आहे. तरीही मुलाला साडेसाती आहे असे कोणी सांगितल्यावर त्या दर शनिवारी तेल घालीत होत्या. हे एका मावशींचे वैगुण्य नाही. आपल्या समाजातील शिकल्या-सवरल्या घरांतही मुलीला मंगळ असल्याची कुजबुज होते आणि पत्रिका 'सहज म्हणून' कोणाला तरी दाखवली जाते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. आपण देव घराबाहेर काढले. ग्रह मात्र घरातच राहिले.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे आणि ग्रहगती यांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे हे भिक्खूंनी वर्ज्य करावयाच्या हीन विद्यांत मोजले आहे. धम्माचे वर्णन करताना 'एहिपस्सिको' हा शब्द येतो: या आणि स्वतः पाहा. वंदनेत आपण तो रोज उच्चारतो. त्या शनिवारी तो शब्द मला प्रथमच एखाद्या कृतीसारखा दिसला. मावशींना कोणी व्याख्यान दिले नव्हते, कोणी त्यांची श्रद्धा मोडून काढली नव्हती. त्यांनी पाहिले आणि स्वतःच प्रश्न विचारला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटते. ग्रहण म्हणजे छायेचा खेळ आहे, हे आर्यभटाने इसवी सन 499 च्या ग्रंथात स्पष्ट मांडले. पुढे सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने ग्रहणाचे गणित छायेच्याच आधारे केले. पण राहू नाकारणाऱ्यांवर त्याने टीकाही केली. अकराव्या शतकात अल्-बिरुनीने ही विसंगती हेरली आणि सत्य ठाऊक असूनही असे लिहिण्यामागे सॉक्रेटिससारख्या गतीचे भय असावे, असा तर्क केला. म्हणजे ज्ञान होते. ते कोणाला सांगायचे आणि कोणापासून राखायचे, हा प्रश्न होता. युरोपात 1610 मध्ये गॅलिलिओने गुरूचे चंद्र पाहिले, तेव्हा पादुआ विद्यापीठातील क्रेमोनिनी या प्राध्यापकाने दुर्बिणीला डोळा लावण्यासच नकार दिला होता. तिथे पंडिताने पाहणे नाकारले. आपल्याकडे पंडिताने मोजले आणि इतरांना केवळ मुहूर्त सांगितला, त्याची दक्षिणाही घेतली.

यात मी स्वतःला निर्दोष मानत नाही. 11 ऑगस्ट 1999 रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास खग्रास सूर्यग्रहणाची सावली गुजरातेतून शिरून विदर्भाच्या अंगाने आंध्रच्या किनाऱ्याकडे गेली. मी तेव्हा दुसऱ्या एका निवासी शाळेत नव्यानेच रुजू झालो होतो. मुलांना खोल्यांत बसवून खिडक्यांना चादरी लावण्याचा आदेश वरून आला आणि मी तो पाळला. एम. ए. ची पदवी हातात होती, घरी बाबासाहेबांचे खंड होते, आणि मी खिळ्यांना चादरी अडकवत होतो. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपण तर बौद्ध ना?" मी त्याला सांगितले की डोळ्यांना अपाय होतो म्हणून. ते अर्धसत्य होते. अपाय उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिल्याने होतो. तो सुरक्षित चष्म्याने किंवा कागदावर प्रतिमा पाडून सहज टाळता येतो. बाहेर आभाळ पावसाळी होते, कदाचित काही दिसलेही नसते. पण न दिसणे आणि पाहू न देणे यांत जो फरक आहे तो त्या मुलाला कळला होता. तो आज कुठे आहे, मला ठाऊक नाही.

हौशी खगोल मंडळांचे काम म्हणूनच मला समाजप्रबोधनाचे वाटते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून कार्यरत आहे. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने 1985 मध्ये मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. त्यांचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम अनेकांना ठाऊक आहेत. विदर्भात नागपूरचे रमण विज्ञान केंद्र आहे, चंद्रपुरात स्काय वॉच ग्रुप आहे. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी आपल्या बुलढाण्यासह विदर्भ-खानदेशावरून जळते लोळ सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. त्या रात्री माझा फोन अकरापर्यंत वाजत होता. कोणी प्रलय म्हणत होते, कोणी क्षेपणास्त्र. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, हे लोकांना शांतपणे समजावून सांगणाऱ्यांत हौशी निरीक्षकच पुढे होते.

तरीही या मंडळांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी त्या चौघांजवळही बोललो. कार्यक्रम बहुधा शहरात होतात, जिथे दिव्यांच्या झगमगाटात तारेच दिसत नाहीत. आमच्या खेड्यांत आकाश आहे, पण दुर्बीण येत नाही. गावाबाहेरच्या कार्यक्रमाला शुल्क असते, स्वतःचे वाहन लागते, आणि गुरू-शनी वर येईपर्यंत शेवटची एस. टी. निघून गेलेली असते. रात्रीचा कार्यक्रम म्हटला की मुलगी आपोआपच वगळली जाते. रांगेत उभे राहण्याची मुभा सर्वांना आहे, हे खरे. रांगेपर्यंत पोहोचण्याची नाही.

आणि आपल्या जिल्ह्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा आहे? लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. लवणासुराच्या वधाची कथा आपण ऐकत आलो. 1823 मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली, त्यानंतरही दीर्घकाळ त्याला ज्वालामुखीचे मुख समजले जाई. बेसॉल्ट खडकावरील अशनीच्या आघाताने ते झाले, हा पुरावा 1973 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आकाशातून आलेल्या दगडाने ज्या जिल्ह्याला जगाच्या नकाशावर नेले, त्या जिल्ह्यातील मुलाने मृगातील तेजोमेघ एकदाही दुर्बिणीतून न पाहता दहावी व्हावे, हे मला खटकते.

यावर उपाय निवासी शाळेजवळच आहे, असे माझे मत आहे. आमच्या मुली आवारातच राहतात, अधीक्षिका आवारातच आहेत. रात्री नऊ वाजता घरी कसे जायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. वसतिगृह ही आपल्या समाजाने मिळवलेली मोठी गोष्ट आहे, ती केवळ झोपण्या-जेवण्यापुरती वापरणे हा अपव्यय आहे. मेघनाद साहा हे नाव आमची मुले विज्ञानाच्या पुस्तकात वाचतात. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ उलगडणारे समीकरण मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाला कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे वेगळे जेवावे लागले होते, हे पुस्तकात येत नाही. पुढे तेच साहा देशाच्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ते पाहण्यास ते हयात नव्हते. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याची इच्छा मागे ठेवून गेलेला रोहित वेमुलाही वसतिगृहातून बाहेर काढला गेलेला विद्यार्थी होता.

म्हणून माझा प्रस्ताव असा. पौर्णिमेला आपण विहारात वंदनेसाठी जमतोच. पावसाळ्याचे महिने वगळून दर अमावस्येला शाळेचे मैदान परिसरातील सर्वांसाठी खुले असावे. अमावस्या मुद्दाम निवडली आहे. तारे पाहण्यासाठी तीच सर्वांत चांगली रात्र, आणि आपल्या गावांत तीच सर्वांत बदनाम रात्र. अवसेला प्रवास नको, अवसेला खरेदी नको, तिठ्यावर लिंबू दिसले की वळसा. त्या रात्री आजी, आई आणि नात एकत्र मैदानात बसल्या आणि काही विपरीत न घडता घरी गेल्या, तर तेवढेही पुष्कळ झाले. हौशी मंडळींना आपण पाहुणे म्हणून बोलवावे, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. दोन शिक्षक आणि नववीतील दहा विद्यार्थी एका हिवाळ्यात नक्षत्रे ओळखायला शिकू शकतात. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात चांगली सहा इंची दुर्बीण येते, हे मी चौकशी करून लिहितो आहे. कोणाच्या मिरवणुकीवर राग धरून नव्हे. अर्थात थोडा राग आहेच.

पालकांचे आक्षेप मी ऐकले आहेत. थंडी वाजेल, अभ्यास बुडेल, दहावीचे वर्ष आहे. घोंगडी देता येते आणि महिन्यातून दोन तासांनी कोणाचा निकाल घसरत नाही. एका पालकाने मात्र वेगळेच विचारले: मुलगी ग्रह पाहून आली आणि उद्या लग्नाच्या वेळी पत्रिकेला नाही म्हणाली तर? मी त्यांना म्हणालो, तेव्हा मला बोलवा, मी तुमच्या घरी येतो. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पण पुढच्या कार्यक्रमाची तारीख त्यांनी विचारून घेतली.

आता एक अडचण, आणि तीही माजी विद्यार्थ्यांमुळेच आलेली. प्रवेशद्वाराजवळचा उंच हॅलोजन दिवा एका तुकडीने मोठ्या प्रेमाने भेट दिला आहे. खांबावर त्यांची नावेही आहेत. त्याच्या उजेडात मैदानावरून कृत्तिकांचा पुंजकासुद्धा धड दिसत नाही. अमावस्येला सायंकाळी सात ते नऊ तो बंद ठेवण्याची परवानगी मी व्यवस्थापनाकडे मागितली आहे. त्या तुकडीने गैरसमज करून घेऊ नये. शक्य झाल्यास त्यांनी त्या वेळेत यावे आणि दिव्याची कळ स्वतःच्या हाताने बंद करावी. रांगेत पहिला क्रमांक त्यांचा राहील.