परळच्या त्या जन्मानंतर

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली. वैज्ञानिक नोंदींनिशी सिद्ध झालेली भारतातली ती पहिली टेस्ट ट्यूब बेबी. हे घडवणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा केईएममधल्या, तर त्यांचे सहकारी डॉ. टी. सी. आनंदकुमार परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक. रुग्णालय महापालिकेचे, संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे सार्वजनिक पैशातून उभे राहिले. पुढच्या चार दशकांत मात्र ते जवळजवळ पूर्णपणे खासगी दवाखान्यांकडे गेले. वंध्यत्वाच्या उपचारांभोवतीचे बहुतेक नैतिक पेच या एका स्थलांतरातून वाढले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याआधीचा अध्याय कोलकात्याचा आहे आणि तो वाचताना आजही संताप येतो. इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला 25 जुलै 1978 रोजी लुईस ब्राउन जन्मली. त्यानंतर अवघ्या 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून कोलकात्यात एक मुलगी जन्माला आली. त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकापेक्षा अधिक स्त्रीबीजे मिळवली होती आणि भ्रूण गोठवून काही आठवड्यांनी गर्भाशयात सोडला होता. आज जगभर हेच केले जाते. राज्य सरकारने मात्र चौकशी समिती नेमली, आणि या विषयात प्रत्यक्ष काम केलेला एकही माणूस नसलेल्या त्या समितीने त्यांचा दावा धुडकावला. जपानला जाऊन संशोधन मांडायलाही त्यांना परवानगी मिळाली नाही. शेवटी त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली आणि जून 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे आनंदकुमारांनी त्यांच्या टिपणवह्या वाचल्या आणि 1997 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांना दिला. त्यामुळे स्वतःच्या चमूचा मान जात होता, तरी दिला. वैद्यकाच्या इतिहासात असा प्रामाणिकपणा क्वचितच दिसतो.

सरकारला या विषयाचे वावडे का होते, याचे एक कारण उघड आहे. कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम भारताने 1952 मध्येच सुरू केला. पुढची कित्येक दशके आरोग्य खाते नसबंदीची उद्दिष्टे गाठण्यात गुंतले होते. ज्यांना मूल होत नाही त्यांचे दुःख कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. गावात सून ‘वांझ’ ठरत होती, तिला डोहाळजेवणाला, ओटी भरायला बोलावले जात नव्हते, नवरा दुसरे लग्न करत होता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्यासाठी काहीही नव्हते. सरकारने मोकळी सोडलेली ही जागा बाजाराने व्यापली.

आज जिल्ह्याच्या ठिकाणी आयव्हीएफच्या, म्हणजे याच टेस्ट ट्यूब तंत्राच्या, पाट्या दिसतात. तालुक्याहून पहाटेच्या एसटीने निघालेली बाई बर्फाच्या डब्यात इंजेक्शने सांभाळत येते. आठ-दहा दिवस रोज पोटावर सुई, एक दिवसाआड सोनोग्राफी, मग भूल देऊन योनीमार्गे सुईने स्त्रीबीजे काढायची. प्रयोगशाळेत तीन ते पाच दिवस वाढलेला भ्रूण गर्भाशयात सोडला की पुढचे दोन आठवडे रक्ततपासणीची वाट. खर्च एका खेपेला लाख-दीड लाखापासून पुढे. खेप फसण्याची शक्यता साधण्यापेक्षा जास्त असते आणि बाईचे वय चाळिशीकडे सरकते तशी ती वाढत जाते. दागिने मोडून, जमिनीचा तुकडा गहाण टाकून आलेल्या जोडप्याला हे आकडे कोणी समोर बसून, त्यांच्या वयाला लावून, नीट सांगते का? संमतीपत्रावर सही मात्र पहिल्याच दिवशी होते.

या तंत्राने लाखो घरांत मूल आले. ते सुख खरे आहे आणि त्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. ‘दत्तक घ्या की’ असा फुकटचा सल्ला देणाऱ्यांनी तो आधी मूल असलेल्या जोडप्यांना देऊन पाहावा. पण धोकेही तितकेच खरे आहेत. इंजेक्शनांच्या अतिरेकाने बीजांडकोश सुजतात, पोटात पाणी होते आणि क्वचित जिवावर बेतते. यश दिसावे म्हणून दोन-तीन भ्रूण एकदम सोडले की जुळी-तिळी होतात, दिवस भरण्याआधी जन्मतात आणि काचेच्या पेटीचा खर्च पुन्हा त्याच आईबापांवर पडतो. 2019 मध्ये आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या बाईने जुळ्यांना जन्म दिला, तेव्हा बातम्यांत कौतुकच जास्त होते. त्या मुली वीस वर्षांच्या होतील तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण असेल, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आणि आपल्या राज्याने तर विशेष सावध राहायला हवे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, कारण सोनोग्राफीचे इथे काय झाले ते आपण पाहिले होते. आयव्हीएफमध्ये तर भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधीच त्याचे लिंग कळू शकते, म्हणजे गर्भपाताचीही गरज उरत नाही. केंद्राने 2003 मध्ये गर्भधारणापूर्व निवडही कायद्याच्या कक्षेत आणली. पण बंद प्रयोगशाळेत काय चालते ते तपासणारा माणूस नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

ब्रिटनने लुईसच्या जन्मानंतर चार वर्षांत या तंत्राचा विचार करायला वॉर्नॉक समिती नेमली आणि 1990 मध्ये कायदा केला. आपण 1986 नंतर 35 वर्षे लावली. त्या काळात गुजरातेतले आणंद परदेशी जोडप्यांसाठी सरोगसीची पेठ बनले. 2021 च्या दोन कायद्यांनी व्यापारी सरोगसी बंद केली. स्त्रीबीज देणारीने आयुष्यात एकदाच दान करावे, तिची सातपेक्षा जास्त बीजे काढू नयेत आणि तिचा विमा उतरवावा, असेही त्यात सांगितले आहे. हे चांगले झाले. पण दुसऱ्यासाठी पोट वाढवणाऱ्या बाईने केवळ परोपकार करावा आणि डॉक्टर, वकील, दवाखाना यांनी आपली फी घ्यावी, ही मांडणी आम्हाला न्याय्य वाटत नाही. तिच्या नऊ महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई देणे म्हणजे गर्भाशयाचा बाजार मांडणे नव्हे.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेच स्वस्त आहे. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्याचे एक मोठे कारण जननमार्गाचा क्षयरोग हे आहे. तो वेळेत ओळखला तर कित्येकींना आयव्हीएफची पायरी चढावीच लागणार नाही. वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते, तरी नवऱ्याला ती सांगण्याआधी बायकोची दुर्बिणीची तपासणी उरकलेली असते. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत दोष पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाकडे असतो. ग्रामीण रुग्णालयात ही एक तपासणी सक्तीने आधी केली, तरी हजारो बायकांची वर्षे वाचतील. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने 2023 मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केले. महाराष्ट्रात प्रत्येक महसुली विभागात असे एक केंद्र असायला हवे, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत निदान पहिल्या खेपेचा खर्च धरला जावा.

नव्या कायद्याने राष्ट्रीय नोंदवहीही आणली आहे. ब्रिटनची नियामक संस्था प्रत्येक दवाखान्याचे निकाल लोकांसमोर ठेवते. आपल्याकडेही किती खेपा झाल्या, किती मुले जिवंत घरी गेली, किती जुळी झाली आणि किती बायकांना गुंतागुंतीमुळे भरती व्हावे लागले, हे दवाखान्याच्या नावानिशी दरवर्षी छापले गेले पाहिजे. शिवाय दान केलेल्या बीजापासून जन्मलेल्या मुलांचे काय? ब्रिटनमध्ये 2005 नंतरच्या दात्यांची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मिळू शकते. आपला कायदा ती गुप्त ठेवतो. ही मुले आता शाळेत जात आहेत. त्यांनी विचारायच्या आत संसदेने या तरतुदीचा फेरविचार करावा आणि तोवर एकाही दवाखान्याला जुन्या नोंदी नष्ट करू देऊ नयेत.