पत्र आपले, पैसा प्रायोजकाचा

डहाणूच्या एका भगिनीने आम्हाला प्रश्न पाठवला आहे. घरची चिकूची वाडी आहे. दर दुसऱ्या शुक्रवारी त्या मुंबईच्या ग्राहकांना ईमेलने एक पत्र पाठवतात. फळ कधी उतरणार, पेटी घरी कशी पिकवायची, बोर्डीला आलात तर काय पाहाल, असा मजकूर असतो. यादीत ६४० नावे जमली आहेत. मूल झाल्यावर त्यांची मुंबईची नोकरी सुटली. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते खरी, पण चर्चगेटला जाऊन-येऊन पाच-सहा तास गाडीतच जातात. आता दोन व्यावसायिकांनी पत्रात आपले नाव घालण्यासाठी पैसे देऊ केले आहेत. सासऱ्यांचे म्हणणे असे की लोकांनी भरवशाने दिलेले पत्ते बाजारात मांडायचे नसतात. हे पैसे घ्यावेत की पुन्हा नोकरी शोधावी, असे त्या विचारतात.

सासरे बरोबर बोलत आहेत, आणि तरीही पैसे घेता येतात. प्रायोजकाला पत्रातली जागा द्यायची असते, यादी द्यायची नसते. ‘या अंकाचा खर्च अमुक यांनी उचलला आहे’ अशा चार ओळी, खाली त्यांचा फोन, एवढाच हा व्यवहार. ज्याला हवे तो वाचक स्वतः फोन करील. ६४० पत्त्यांतला एकही प्रायोजकाच्या हाती जात नाही. पत्ते ही अमानत आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा कलही तोच आहे: ज्या कामासाठी संमती दिली त्याच कामासाठी माहिती वापरायची. प्रायोजक ‘फक्त एकदा यादी पाठवा’ म्हणाला तर नाही म्हणायचे, आणि ते पहिल्याच दिवशी.

ही पद्धत मराठीला नवी नाही. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे पत्र म्हणून. पुढे नावातले ‘खबर’ गळाले, ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले आणि १९३० मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ निघाले. पैसा कोणत्या कारखान्याचा हे मुखपृष्ठावरच लिहिलेले होते, त्यामुळे लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

अलीकडे अमेरिकेतल्या ‘मॉर्निंग ब्रू’चा दाखला सारखा दिला जातो. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले हे ईमेलपत्र प्रायोजकांच्या पैशावर वाढले आणि २०२० मध्ये त्याची किंमत साडेसात कोटी डॉलर धरून मोठा हिस्सा विकला गेला. ही गोष्ट सांगून शिकवण्या विकणारेही पुष्कळ आहेत. पण तिथे वाचक लाखांनी मोजायचे असतात. त्यांचा हिशेब डहाणूला लावला तर काय होते पाहा. समजा ६४० पैकी ३०० जण पत्र उघडतात आणि हजार वाचकांमागे १५०० रुपये भाव धरला, तर एका अंकाचे मिळाले ४५० रुपये. एवढ्यासाठी कोणी शुक्रवार घालवू नये.

लहान पत्राचा भाव डोक्यांवर ठरत नाही. हे वाचक कोण आहेत आणि ते काय विकत घेतात, यावर ठरतो. बोर्डी-घोलवडला चार खोल्यांचे घरगुती निवास चालवणाऱ्याला मुंबईची अशी तीनशे कुटुंबे हवीच असतात, जी आधीच आपल्या भागाचा चिकू घरी मागवतात. त्यातले एक कुटुंब दोन रात्री राहिले तरी त्याचे पैसे वसूल होतात. त्याने एका अंकाला १५०० रुपये द्यावेत हे मागणे वाजवी आहे. महिन्याला दोन अंक आणि अंकाला एक मुख्य व एक छोटा प्रायोजक धरला तर चार-पाच हजार येतील. नोकरीची जागा हे घेणार नाही, पण वाडीच्या उत्पन्नाला जोड म्हणून उभे राहील. उलट डहाणूतल्या फुग्यांच्या कारखान्याकडे जाऊन उपयोग नाही. त्याचा माल घाऊक व्यापारी उचलतो, त्याला हे वाचक काय कामाचे? चिकूचे चिप्स, लोणचे, सुकवलेल्या फोडी करणारे मात्र जरूर गाठावेत. कोणी ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने विकत असेल तर आधी त्याची नोंद विचारावी. या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते चिन्ह नोंदणीकृत वापरकर्त्यानेच लावायचे असते.

खरा पेच पुढे आहे. चिकूच्या पत्राला सगळ्यात चपखल बसणारा आणि पैसे देऊ शकणारा प्रायोजक कोण, तर चिकूपासून वाइन बनवणारा. तसा कारखाना बोर्डीतच आहे. आपल्या घरात याचे उत्तर चर्चेविना ठरलेले आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. एवढेच सुचवतो की नकार आधीच लिहून ठेवावा: दारू, जुगार, व्याजी कर्ज देणारी अ‍ॅप यांचे प्रायोजकत्व आम्ही घेत नाही. ही ओळ पत्राच्या तळाशी कायम असली की दरवेळी कोणाला तोंडावर दुखवावे लागत नाही.

आम्हाला दारूपेक्षा जास्त काळजी प्लॉटवाल्यांची वाटते, कारण तो पैसा हलाल दिसतो. वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, सुमारे ७६,२०० कोटींचा प्रकल्प, आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. तेव्हापासून ‘बंदराजवळ जागा’ हा शब्द सोन्यासारखा चालतो आहे. दलाल एका अंकाला दहा हजारही देईल. पण डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेला आहे, तिथे जमिनीचा वापर मनास येईल तसा बदलता येत नाही. तलासरी हा आदिवासी तालुका. आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या परवानगीवाचून बिगरआदिवासीच्या नावावर होत नाही. मुंब्र्याच्या किंवा मीरा रोडच्या एखाद्या कुटुंबाने आपल्या पत्रातली ओळ वाचून आयुष्याची पुंजी अशा तुकड्यात घातली, तर ते दलालाला शोधणार नाहीत, पत्र लिहिणारीला शोधतील. ५०० चौरस मीटरवरच्या प्लॉट प्रकल्पाला महारेराचा नोंदणी क्रमांक नसेल तर त्याची जाहिरात करणेच बेकायदा आहे. क्रमांक नसेल तर बोलणे संपले. असला तरी आमचे मत नाहीच असे आहे. किनाऱ्यावरचे मच्छीमार या बंदराविरुद्ध वर्षानुवर्षे उभे आहेत. जागेच्या दलालाचे पैसे घेतलेल्या पत्राला उद्या त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिताना हात अडखळेल.

पैसे घेतले आहेत हे वाचकाला मजकुराच्या वरच, मराठीत, ठळक दिसले पाहिजे. ‘सहकार्याने’ असा गुळमुळीत शब्द नको, ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ म्हणावे. जून २०२२ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची फसव्या जाहिरातींविरुद्धची नियमावली लागू आहे. शिफारस करणाऱ्याचा जाहिरातदाराशी आर्थिक संबंध असेल तर तो सांगणे तिच्यात बंधनकारक आहे, आणि फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या निवासात आपण जेवलो नाही, तिथले जेवण ‘घरच्यासारखे’ म्हणू नये. प्रायोजकाने फुकट राहायला बोलावले असेल तर तेही लिहावे.

आकडे सांगतानाही तोल सांभाळावा. २०२१ पासून अ‍ॅपल फोनच्या मेलमध्ये अशी सोय आहे की वाचकाने पत्र पाहिले नाही तरी ते ‘उघडले’ असे दिसू शकते. म्हणून उघडल्याच्या टक्केवारीवर भाव सांगणे म्हणजे काटा मारणे. त्यापेक्षा प्रायोजकाला एक खुणेचा शब्द द्यावा. वाचकाने बुकिंग करताना तो सांगितला की किती गिऱ्हाईक पत्रातून आले, हे दोघांनाही कळते. पहिल्या अंकाला दोनच फोन आले तर दोनच सांगावेत.

व्यवहार लेखी असावा आणि अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत. ओळखीचा माणूस असला तर जास्तच. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर सेवांसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही, प्रायोजक उंबरगाव-वापीचा असला तरी. पैशाऐवजी वस्तू किंवा मुक्काम मिळाला तरी ते उत्पन्नच धरले जाते. पावत्यांची एक वही ठेवावी आणि पैसे आपल्याच खात्यावर घ्यावेत. घरातल्या पुरुषाच्या खात्यावर जमा झालेली बाईची कमाई वर्षअखेरीस कोणालाच आठवत नाही, हे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून आम्हाला चांगले ठाऊक आहे.

तलासरीकडच्या कोणाला असे पत्र काढायचे असेल तर चिकूऐवजी वारली चित्रे घेता येतील. २०१४ पासून त्यांनाही भौगोलिक मानांकन आहे. तिथे प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव आणि त्याला मिळालेली रक्कम छापता आली तरच त्यात पडावे.

डहाणूच्या या भगिनींनी सुरुवात एकाच प्रायोजकाने आणि तीन अंकांच्या करारावर करावी. पावसाळ्यात निवासवाले हात आखडतील. तेव्हा रोपवाटिकेला विचारावे, लागवडीचे दिवस तेच असतात.