तलवाडा ते गडचिंचले

१० ऑक्टोबर १९४५ रोजी आजच्या पालघर जिल्ह्यातील तलवाडा येथे हजारो वारली काठ्या घेऊन गोळा झाले. गोदावरी परुळेकरांची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा निरोप पाड्यापाड्यांवर पोचला होता. सभा नव्हतीच. निरोप जमीनदारांच्या माणसांनी धाडला होता, आणि वारली दंग्यासाठी जमले आहेत अशी दुसरी खोटी वार्ता पोलिसांना पुरविण्यात आली होती. गोळीबारात जेठ्या गांगड याच्यासह पाच जण ठार झाले.

याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, १६ एप्रिल २०२० रोजी चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवेने बिथरलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा चालक यांना पोलिसांदेखत ठार मारले. लगोलग दुसरी अफवा उठली, की मारणारे मुसलमान होते. चित्रफितीतील ‘ओये बस’ हे शब्द ‘शोएब बस’ म्हणून लोकांना ऐकविले गेले. अखेर २२ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करावी लागली. तीत एकही मुसलमान नव्हता. पाड्यावरच्या अडाणीपणाला नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ही दुसरी अफवा शहरांतून आणि सुशिक्षितांच्या हातूनही फिरली.

म्हणूनच प्रश्न महाविद्यालयांचा आहे. आमचा पदवीधर मागणी-पुरवठ्याचे वक्र काढतो. हाती आलेला आकडा कोठून आला, हे मात्र विचारीत नाही. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२,२२,३९० होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मग ‘गेल्या दहा वर्षांत आपल्या शहरात अमुक धर्माचे लोक इतके वाढले’ असा मजकूर आला, तर ती मोजणी केली कोणी? विद्यार्थ्यांना ग्रंथालयात बसवून जनगणनेचे खंड, राजपत्र, न्यायालयाचा मूळ निकाल उघडावयास लावावे. छायाचित्र पूर्वी कोठे व केव्हा छापले गेले, ते शोधावयास लावावे. हे व्याख्यानाने साधणारे काम नव्हे, त्याला प्रयोगशाळेसारखे तास हवेत आणि गुणही हवेत. (गुणांवाचून आमची मुले काही करीत नाहीत, हा चाळीस वर्षांचा अनुभव!)

खऱ्याखोट्याचा निवाडा सरकारवर सोपवावा, असे काहींना वाटते. केंद्राने आपल्याविषयीच्या बातम्यांसाठी नेमके तेच करू पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरविली, हे उचितच झाले. व्हॉट्सॲपनेही बहुवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असे बंधन ७ एप्रिल २०२० रोजी घातले होते. गडचिंचलेची घटना त्यानंतर नऊच दिवसांनी घडली.

काही सहकारी म्हणतात, की अफवेमागे हितसंबंध असतात, त्यांच्याशी लढावे. तपासणीचे धडे ही मध्यमवर्गीय मलमपट्टी आहे. तलवाड्याचा निरोप हितसंबंधीयांनीच धाडला, हे खरे. पण तो वाहून नेला तो भोळ्या, प्रामाणिक माणसांनी. आज आपल्याच कार्यकर्त्यांच्या गटांत विरोधकाची बदनामी करणारा मजकूर कोणी तपासून पुढे धाडतो काय? पुढील सत्रापूर्वी वसई, नालासोपारा, विरार येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना व ग्रंथपालांना भेटावे. जाताना आपल्या गटातील गेल्या महिन्याचे दहा संदेश सोबत न्यावेत आणि पहिली तपासणी त्यांचीच करावयास सांगावी.