मुक्तिदिनाच्या भाषणात आजी कुठे असते?

माझ्या लेकीला शाळेनं ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ या विषयावर प्रोजेक्ट दिलं होतं. तारखा झाल्या, फोटो चिकटवून झाले. मग तिनं विचारलं, “आई, तेव्हा आपल्या घरातल्या बायका काय करत होत्या गं?”

मी गप्प! दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जाणारी मी. पण हे कधी कुठल्या भाषणात ऐकलंच नव्हतं. जे ऐकलं होतं, ते आजीकडून. तेही तुकड्या-तुकड्यांत, भाकरी थापता थापता.

आमचं गाव बार्शीच्या शिवेला लागून. आज मधे फक्त जिल्ह्याची हद्द आहे. १९४८ साली ती दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे स्वतंत्र भारत. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे सशस्त्र कॅम्प पलीकडे होते. ते रात्री हद्दीत शिरायचे, करोडगिरीची नाकी जाळायचे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे आणि परत जायचे. मग दिवसा निजामाचे पोलीस आणि रझाकार गावात झडतीला यायचे. आजी म्हणायची, “रात्री कॅम्पवाल्यायला भाकरी द्यायच्या अन् दिवसा म्हणायचं, आमी कुनाला बघितलं न्हाई.” गडीमाणसं आधीच बार्शीला निघून गेलेली. म्हणजे दार उघडायचं कुणी? बाईनंच!

एकदा ओरडा झाला तशी ती तान्ह्या लेकराला घेऊन ज्वारीत जाऊन पडली. लेकरू रडू नये म्हणून दिवसभर अंगाला लावून धरलं. ते लेकरू म्हणजे माझे वडील.

मग सैन्य आलं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या फौजेनं नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. त्याच दिवशी तुळजापूर पडलं. उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, गुरखा रायफल्सच्या पायदळाला रझाकारांशी रस्त्यारस्त्यांवर लढावं लागलं. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आमची माणसं बार्शीहून परतली. आजी म्हणायची, “त्या दिवशी पयल्यांदा दार उघडं टाकून निजलो.”

भाषणं इथंच संपतात. आजीची गोष्ट मात्र संपत नव्हती.

गावात बांगड्या भरायला एक मणेरीण यायची. मुसलमान. पोलीस अॅक्शननंतर ती यायची बंद झाली. दोन वर्षांनी आली, तेव्हा तिच्या घरात एकही बाप्या उरलेला नव्हता. “ती काय रझाकार हुती व्हय?” एवढंच आजी म्हणायची आणि तवा उतरवायची.

हे एकट्या आजीचं बोलणं नाही. नेहरूंच्या सरकारनं १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांची समिती हैदराबाद संस्थानात पाठवली होती. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिनं आपला उस्मानाबाद जिल्हा मोजला. कासिम रझवी ज्या लातुरात वकिली करायचा, ते लातूरही तेव्हा याच जिल्ह्यात होतं. संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा समितीचा अंदाज होता. काही ठिकाणी गावाची झडती घेताना सैनिकांनीच मुस्लिम पुरुषांना बाहेर काढून मारलं, हेही त्यात लिहिलं आहे. बायका पळवल्या गेल्याचंही. सरकारनं हा अहवाल प्रसिद्धच केला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळू लागला.

त्याच अहवालात आणखीही एक नोंद आहे. हिंदू विणकरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुस्लिम विणकरांना वाचवलं. पळवलेल्या बायकांना परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. हे तरी आपण लेकरांना सांगतो का?

काही जण म्हणतील, कशाला उकरायचं? रझाकारांनी काय कमी केलं होतं? नव्हतंच कमी! माझी आजी त्याची साक्षीदार. पण रझाकारांचा हिशोब मणेरणीच्या घरातून का चुकता व्हावा? मुक्ती खरी होती, मला ती हवीच आहे. ती एवढी लेचीपेची नाही की खरं बोलल्यानं तिला तडा जावा.

१९४८ साली दहा वर्षांची असलेली पोर आज नव्वदीला टेकलीय. दोन-चार वर्षांत विचारायलाही कुणी उरणार नाही. म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारच्या मोहल्ल्यात अशी एखादी आजी, नानी असेल, तर तिच्यापाशी बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, वहीत लिहा. आणि फक्त आपल्याच आजीला नको, तिच्या शेजारणीलाही विचारा.

लेकीनं प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर दोन बायका काढल्या. एक ज्वारीत लपलेली, दुसरी बांगड्यांची टोपली घेतलेली. मार्क किती मिळाले, ते मी विचारलं नाही.