माहितीची लेव्ही



१५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. पारशिवनी तालुक्यात त्याला सगळे 'फार्मर आयडी'च म्हणतात. आधार दाखवले, सातबारा जोडला, मोबाईलवर आलेला आकडा केंद्रचालकाला सांगितला आणि माणूस घरी आला. या व्यवहारात आपण काय दिले आणि आपल्याला काय मिळाले, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. कापसाचा उत्पादनखर्च काढताना सालदाराच्या चहापर्यंत सगळे धरायला चळवळीने आपल्याला शिकवले. तोच काटेकोरपणा इथेही लावला पाहिजे.

दिले ते असे: नाव, आधार, मोबाईल, आणि ज्या ज्या गटात आपला हिस्सा आहे तो प्रत्येक गट. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तिच्यामुळे कोणत्या वावरात कोणते पीक उभे आहे, याचा फोटो जागेच्या खुणेसकट दर हंगामात सरकारकडे जातो. बँकेचे खाते पीएम-किसानमुळे आधीच जोडलेले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांची डिजिटल कृषी मोहीम मंजूर केली. तिच्या पोटातल्या ॲग्रिस्टॅकमध्ये तीन वह्या आहेत: शेतकऱ्यांची, गावनकाशांची आणि पेरलेल्या पिकांची.

पूर्वी ही माहिती कोणाकडेच नव्हती असे नाही. पेरा तलाठ्याच्या दप्तरात होता, कर्ज गटसचिवाच्या वहीत, खाते बँकेत. पण ही दप्तरे वेगवेगळ्या कपाटांत होती आणि एका कपाटाची किल्ली दुसऱ्याला लागत नव्हती. आता एकच क्रमांक सगळी कपाटे उघडतो. नवे आहे ते एवढेच, आणि हे थोडे नाही.

आपण यंत्राच्या विरोधात बोलत आहोत असे कोणी समजू नये. डंकेल प्रस्तावाच्या वेळी सारा देश छाती बडवत होता, तेव्हा खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहणारी शेतकरी चळवळ याच महाराष्ट्रातली. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, ती मिळावी म्हणून शेतकरी भांडले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशक सहन करणारे बियाणे उघडपणे पेरले, तेही तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागण्यासाठीच. पंधरा रुपयांत घरबसल्या सहीचा सातबारा निघतो, ही सोय आम्हाला प्यारी आहे. ज्याने तलाठ्याच्या दारात चार चकरा मारल्या आहेत त्याला तिची किंमत विचारावी. पण बियाण्याच्या बाबतीत घ्यायचे की नाही हे शेतकरी ठरवत होता. पसंत पडले तर पुन्हा घेतले, नाही पडले तर दुसऱ्या वाणाकडे गेला. फार्मर आयडीच्या बाबतीत नको म्हणणाऱ्याची योजनाच बंद होते.

सरकार सांगते की माहिती संमतीशिवाय कोणाला दिली जात नाही. अनुदान पाहिजे असेल तर संमती दे, या बोलण्याला आमच्या भाषेत संमती म्हणत नाहीत. त्याला लेव्ही म्हणतात. ज्वारीची लेव्ही ज्यांनी भरली ती माणसे अजून गावोगाव आहेत. लेव्हीत निदान पैसे मिळत, बाजारापेक्षा कमी का होईना. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली, तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्याने स्वतःच्या पऱ्हाटीचा कापूस बंडीत घालून मध्य प्रदेशच्या हद्दीत नेला तर तो चोर ठरत होता. पारशिवनीहून ती हद्द किती लांब आहे, ते आपल्याला सांगायला नको. त्या योजनेतही चुकारा उशिरा का होईना, पण मिळायचा. वावराच्या माहितीला भाव नाही, चुकारा नाही, आणि मोजून घेतल्याची पावतीही नाही.

या माहितीला बाजारात भाव नाहीच, असे कोणी म्हणेल. त्याने एक उदाहरण ऐकावे. गूगलमधून बाहेर पडलेल्या माणसांनी २००६ मध्ये अमेरिकेत हवामान आणि शेतीच्या माहितीवर चालणारी एक कंपनी काढली. बियाणे नाही, खत नाही, औषध नाही, नुसती माहिती. २०१३ मध्ये मोन्सॅन्टोने ती क्लायमेट कॉर्पोरेशन सुमारे ९३ कोटी डॉलरला विकत घेतली. बियाण्याच्या कंपनीने एवढा पैसा आकडेमोडीवर का घालावा? कोणत्या शेतात काय पेरले जाणार आणि किती पिकणार हे ज्याला आधी कळते, त्याला बियाणे कोणाला विकायचे, विमा कितीला द्यायचा आणि माल कधी उचलायचा हेही आधी कळते. जुलै २०२५ ची गोष्ट त्याहून जवळची आहे. गूगलने भारतातल्या शेतांसाठी एक सेवा खुली केली. उपग्रहाच्या चित्रांवरून शेताची हद्द, पीक, पेरणीची आणि कापणीची तारीख ती सांगते आणि साधारण पंधरवड्याला माहिती ताजी करते. म्हणजे आपण दिले नाही म्हणून कोणाला कळणारच नाही, असेही आता राहिलेले नाही. म्हणून माहिती लपवून ठेवा असा सल्ला आम्ही देत नाही, तो व्यवहार्य नाही. आमचा प्रश्न असा आहे की त्यांना आपले सगळे दिसत असताना आपल्याला त्यांचे काय दिसते?

याचे उत्तर २०२५ च्या कापूस हंगामात मिळाले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपली पहिली-दुसरी वेचणी बाजारात येते नेमक्या त्याच काळात. आणि सप्टेंबरमध्ये 'कपास किसान' नावाचे ॲप आले. सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर त्यात आधार, जमीन आणि कपाशीखालचे क्षेत्र भरून नोंदणी करायची, मग दिवस ठरवून घ्यायचा आणि त्या दिवशी गाडी न्यायची. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. नोंदणीची मुदत पुढे ढकलावी लागली, यावरूनच ती किती सुरळीत चालली ते कळते.

हे दोन निर्णय एकमेकांशेजारी ठेवून पाहा. कोणत्या गटात किती कपाशी आहे हे सरकारला एकरापर्यंत ठाऊक. परदेशातून किती गाठी मागवल्या गेल्या, कोणी मागवल्या, कोणत्या भावाने करार झाले, हे आपल्याला ठाऊक नाही. शुल्क माफ होणार याचा सुगावा पेरणीच्या वेळी लागला असता तर काही जणांनी चार तास कमी लावले असते, तुरीचे वाढवले असते. माहिती वर चढत राहते आणि निर्णय खाली येतात, मधल्या वाटेवर आपल्याला कोणी विचारत नाही. शरद जोशींनी 'इंडिया' आणि 'भारत' अशी जी फोड केली, ती आता संगणकाच्या पडद्यावरही तशीच दिसते. इंडिया पाहणारा आहे आणि भारत पाहिला जाणारा.

शिवाय जो खरा कसतो तो या वह्यांत असतोच असे नाही. मक्त्याने किंवा बटईने वावर करणाऱ्याच्या नावे सातबारा नाही, म्हणून ओळख क्रमांक नाही. पऱ्हाटी त्याची, घाम त्याचा, आणि ॲपमध्ये कापूस जमीनमालकाचा. नवऱ्यामागे शेती सांभाळणाऱ्या बाईची वारसनोंद अडली असेल तर तिचीही तीच गत. पेंचच्या जंगलाला लागून ज्यांची वावरे आहेत त्यांना फोटो पुढे गेला की नाही हे पाहायला धुऱ्यावरून उठून रेंज असलेल्या जागी यावे लागते. त्याच जंगलात किरंगीसर्राच्या टेकडीवर बसवलेला कॅमेरा २०२४ पासून मैलोगणती दुरून आगीचा धूर ओळखतो. यंत्र चांगले आहे, जंगल वाचले तर आम्हाला आनंदच आहे. पण जिथे मनात येते तिथे यंत्रणा पोचते, हेही त्यातून सिद्ध होते. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा आधी ई-पीक पाहणीची अट घातली आणि ओरड झाल्यावर २०२४ मध्ये ती सैल केली. ॲपमधली नोंद पिकापेक्षा खरी मानली की असेच होते.

एवढी माहिती गोळा केल्याने चोरी तरी थांबली का? एक रुपयात पीकविमा २०२३ मध्ये आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. मधल्या काळात दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, पीकच नसलेल्या जमिनीवर विमे उतरवले गेले, कारण सातबारा कोणालाही काढता येतो आणि दर अर्जामागे केंद्रचालकाला ४० रुपये मिळत होते. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अतिवृष्टीच्या अनुदानाचा घोटाळा २०२५ मध्ये गाजला. वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरून खोटी नावे याद्यांत घुसवली गेली, तलाठी निलंबित झाले. कपाट कुलुपाचे होते, किल्ली टेबलावर होती.

कायदा काय म्हणतो ते आता पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिले आहेत. कायद्यात कामाच्या गोष्टी आहेत. आपली कोणती माहिती आहे ते विचारता येईल, चूक दुरुस्त करून मागता येईल, आणि संमती मागणारी सूचना घटनेतल्या बावीस भाषांपैकी आपल्या भाषेत मागता येईल. पण अनुदान, लाभ, दाखला, परवाना यांसाठी सरकारला काही अटींवर नव्या संमतीची गरजच राहत नाही; म्हणजे शेतकऱ्याचा ज्याच्याशी सर्वांत जास्त संबंध येतो तोच मोकळा. आणि याच कायद्याने माहिती अधिकारातल्या व्यक्तिगत माहितीच्या कलमातून सार्वजनिक हिताचे शब्द काढून टाकले. तो बदल मात्र अठरा महिने थांबला नाही, लगेच लागू झाला. अनुदानाच्या याद्या गावाने वाचल्या तरच जालन्यासारखी चोरी सापडते. त्या याद्या 'व्यक्तिगत' म्हणून नाकारण्याची सोय आता झाली आहे.

परदेशात शेतकरी गप्प बसलेला नाही. जॉन डिअरचा ट्रॅक्टर बिघडला की दुरुस्तीची आज्ञावली फक्त डीलरकडे, म्हणून अमेरिकेतला शेतकरी भांडला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर खटला भरला. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून यंत्राने तयार केलेली माहिती यंत्र वापरणाऱ्याला मिळालीच पाहिजे असा कायदा लागू आहे, ट्रॅक्टरसकट. आपल्याकडे गावचा मिस्त्री अजून ट्रॅक्टर उघडू शकतो. तो उघडता येतो तोवरच या हक्काचे बोलून ठेवावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. माहिती घ्यायची तर मराठीत पावती द्या, काय घेतले, कशासाठी घेतले आणि किती दिवस ठेवणार ते तिच्यात लिहा. बँकेच्या पासबुकात जशी प्रत्येक उचल दिसते, तशी माझी नोंद कोणत्या खात्याने, कोणत्या बँकेने, कोणत्या कंपनीने कधी पाहिली ती मला दिसू द्या. ॲप चालले नाही म्हणून कोणाचा हमीभाव किंवा भरपाई जाऊ नये, तलाठ्याकडे दिलेल्या कागदी अर्जाला तीच तारीख आणि तेच वजन मिळावे. आणि उद्या ही माहिती विकायचीच असेल तर ती शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपन्यांनी भाव ठरवून विकावी. आपल्या काही कंपन्यांचा कारभार पाहता हे बोलताना जीभ अडखळते, पण मालाचा मालक भाव ठरवेल हे तत्त्व इथे सोडून चालणार नाही.

नवा कायदा पुरता लागू होईपर्यंत माहिती अधिकार हातात आहे. स्वतःची माहिती स्वतः मागणाऱ्याला 'व्यक्तिगत' म्हणून परत पाठवता येत नाही. पारशिवनीच्या तहसील कार्यालयात प्रत्येकाने स्वतःच्या नावे अर्ज द्यावा: माझ्या ओळख क्रमांकाशी कोणकोणत्या नोंदी जोडल्या आहेत, आणि त्या आजवर कोणाकोणाला दिल्या. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांपर्यंत मजकूर, असा राज्याचा नियम आहे. वर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, तारखेसह पोच घ्यावी, आणि पोच द्यायला टाळाटाळ झाली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. आलेली उत्तरे जिल्हा बैठकीला बरोबर आणावीत.