टोळीनायकाचा वारस आणि मजुरीवरील कर

न्यूयॉर्कचा थॉमस गॅम्बिनो २०२३ च्या ऑक्टोबरात वयाच्या ९४ व्या वर्षी वारला. तो कार्लो गॅम्बिनो या विख्यात माफियाप्रमुखाचा थोरला मुलगा. माफियाच्या कथा चघळणाऱ्या जगाला त्याच्यात फारसा रस कधीच नव्हता. भडक पोशाख नाही, छायाचित्रकारांसमोर मिरवणे नाही, हातात पिस्तूल असल्याची दंतकथा नाही. सकाळी कचेरीत जावे, मालमोटारींचा हिशेब पाहावा, संध्याकाळी घरी परतावे, कुटुंबाच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय प्रतिष्ठानातून रुग्णालयाला देणगी द्यावी, असा हा गृहस्थ. पण समाजवादी कार्यकर्त्याने अभ्यास करायचाच तर याच गृहस्थाचा करावा. पिस्तूलवाल्यांपासून शिकण्यासारखे फार थोडे असते. भांडवल आणि गुन्हा यांचे खरे नाते या हिशेबनिसासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या खटल्यात जितके उघडे पडले, तितके क्वचितच पडले असेल.

कार्लो गॅम्बिनो १९२१ मध्ये सिसिलीतून चोरून अमेरिकेत आला आणि १९५७ मध्ये अल्बर्ट अनास्तेशियाच्या खुनानंतर न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांपैकी एकाचा प्रमुख झाला. १९६२ मध्ये त्याने थॉमसचे लग्न दुसऱ्या घराण्याचा प्रमुख टॉमी ल्युकेसी याच्या मुलीशी लावले. राजेरजवाडे सोयरीक जुळवीत त्याच जातीची ही सोयरीक होती, आणि तिचे आर्थिक प्रयोजनही तितकेच स्पष्ट होते. न्यूयॉर्कच्या तयार कपड्यांच्या धंद्यात दोन्ही घराण्यांचे हितसंबंध गुंतलेले होते. १९७६ मध्ये कार्लो घरच्या बिछान्यात मरण पावला, तेव्हा गादी मुलाकडे गेली नाही. ती त्याने मेहुणा पॉल कॅस्टेलानो, म्हणजे थॉमसचा मामा, याला दिली. मुलाच्या वाट्याला आल्या त्या मालमोटारी. १९८५ च्या १६ डिसेंबरला मॅनहॅटनमधील एका उपाहारगृहासमोर जॉन गॉटीच्या माणसांनी मामाला गोळ्या घालून ठार केले. त्यानंतरही भाचा नव्या नायकाच्या हाताखाली कप्तान म्हणून राहिला आणि मालमोटारी धावतच राहिल्या. घराण्याच्या इभ्रतीचे जे गोडवे चित्रपटांतून गाइले जातात, त्यांची किंमत यावरून ठरवावी. मालमत्ता सुरक्षित असेल तर मामाचा खूनही पचतो.

या मालमोटारींत एवढे काय होते, हे कळण्यासाठी त्या धंद्याची रचना पाहिली पाहिजे. मॅनहॅटनच्या सातव्या ॲव्हेन्यूच्या परिसरातील व्यापारी कपड्यांचे नमुने ठरवीत व कापड बेतून घेत. शिलाई मात्र ते स्वतः करीत नसत. बेतलेले तुकडे मोटारीत भरून चायनाटाउनमधील लहान लहान शिलाईखान्यांत पाठवले जात आणि शिवून झालेले कपडे परत आणले जात. शिलाईखान्यांचे चालक हे कंत्राटदार होते. त्यांच्या यंत्रांवर बसणाऱ्या बहुतेक सगळ्या चीनमधून आलेल्या स्थलांतरित स्त्रिया, नगावर मजुरी मिळवणाऱ्या. फॅशन सप्ताहागणिक बदलणारी. माल दोन दिवस उशिरा पोचला तर हंगाम बुडाला. व्यापारी आणि शिलाईखाना यांना जोडणारा एकच धागा होता, तो म्हणजे वाहतूक. तो धागा ज्याच्या मुठीत, त्याला कापडाचा एक वारही विकत घेण्याची गरज नव्हती.

थॉमस आणि त्याचा भाऊ जोसेफ यांच्या कंपन्यांनी व त्यांच्याशी संगनमत असलेल्या इतर वाहतूकदारांनी हा परिसर आपापसात वाटून घेतला होता. प्रत्येक शिलाईखाना एका विशिष्ट मोटारवाल्याशी बांधलेला असे. धंद्याच्या भाषेत या बंधनाला ‘लग्न’ म्हणत. या लग्नात काडीमोड नव्हता. दुसऱ्याची मोटार वापरली किंवा स्वतःच्या गाडीतून माल नेला तरी ठरलेल्या मोटारवाल्याचे पैसे चुकत नसत. शिलाईखाना विकला गेला तरी नव्या मालकाला जुने लग्न निभवावे लागे.

आता प्रश्न असा की हा जादा आकार अखेर कोणाच्या खिशातून गेला? सरकारी वकिलांनी सांगितले की ग्राहकाच्या. ग्राहकाने काही भार उचलला असेलही. पण अर्थशास्त्राचा साधा नियम असा आहे की ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्या पाठीवर कराचे ओझे जाऊन स्थिरावते. व्यापारी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात माल शिवून घेऊ शकत होता. ग्राहक परदेशी सदरा घेऊ शकत होता. कंत्राटदाराला नगामागे मिळणारा दर व्यापाऱ्याने ठरवलेला, मोटारीचा आकार टोळीने ठरवलेला. मध्ये लवचीक अशी एकच बाब उरली, ती म्हणजे यंत्रावर बसलेल्या बाईची मजुरी. इंग्रजी न येणारी, दुसरे काम न मिळणारी ती स्त्री कुठेही जाऊ शकत नव्हती. गॅम्बिनो कुटुंबाची संपत्ती ज्याला वृत्तपत्रे ‘माफियाचा कर’ म्हणत त्यातून आली, हे खरे. तो कर मजुरीवरचा होता, हे मात्र कोणी म्हणाले नाही.

या धंद्यात गुंड बाहेरून घुसला, निरोगी शरीरात रोगजंतू शिरावा तसा शिरला, ही उदारमतवाद्यांची आवडती समजूत आहे. इतिहास तसे सांगत नाही. १९०९ मध्ये शर्ट शिवणाऱ्या हजारो तरुण मुली संपावर गेल्या, तेव्हा त्यांना रस्त्यात मारहाण करण्यासाठी भाडोत्री गुंड कोणी आणले? कारखानदारांनी आणले, आणि त्यांत ट्रँगल कंपनीचे मालक होते. दोनच वर्षांनी, २५ मार्च १९११ रोजी, त्याच ट्रँगल कारखान्याला आग लागली. जिन्याचा दरवाजा कुलूपबंद होता, आणि १४६ कामगार जळून वा उड्या मारून मेले. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. पुढे १९२६ च्या मोठ्या संपात मालकांनी गुंड आणले, संघटनेनेही प्रत्युत्तरादाखल आपले गुंड आणले, आणि अखेर तडजोडीसाठी दोन्ही बाजूंना आर्नॉल्ड रॉथस्टीन या जुगारसम्राटाचे दार ठोठवावे लागले. भाड्याने आलेला पाहुणा मग घरातच राहिला. लेपके बुकाल्टरने ओळखले की संप मोडण्याच्या मजुरीपेक्षा वाहतूक ताब्यात ठेवणे अधिक किफायतशीर आहे. गॅम्बिनो आणि ल्युकेसी हे त्याच वहिवाटीचे वारस.

१९४९ च्या मे महिन्यात विल्यम ल्युरी नावाचा संघटनेचा कार्यकर्ता बिगरसंघटित दुकानांविरुद्ध निदर्शने करीत होता. मॅनहॅटनच्या पस्तिसाव्या रस्त्यावरील एका इमारतीत दूरध्वनीच्या खोपटात त्याला गाठून भोसकण्यात आले. त्याच्या अंत्ययात्रेला वस्त्रकामगारांचा सागर लोटला. ज्या आरोपीवर खटला चालला तो निर्दोष सुटला, आणि या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. ल्युरीच्या संघटनेचे पुढचे वर्तनही येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. तिच्या नेतृत्वाने कालांतराने मोटारवाल्यांशी जुळवून घेतले, शिलाईखान्यांना सभासद करून घेण्यापुरती वाट मिळाली की बाकीकडे काणाडोळा केला, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या पस्तिसाव्या रस्त्याच्या परिसरात ल्युरी पडला, तेथेच गॅम्बिनो बंधूंची कचेरी वर्षानुवर्षे निर्वेध चालली. कामगार चळवळीने सोडलेली जागा रिकामी राहत नाही, हे कटू सत्य आपल्या पक्षातही पुरेशा मोठ्याने बोलले जात नाही.

मॅनहॅटनचे सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेन्थो यांच्या कचेरीने या मक्तेदारीवर हात घातला तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस. पोलिसांनी चायनाटाउनमध्ये एक खोटा शिलाईखाना थाटला. मोटारवाले येतील, धमक्या देतील, आणि त्या ध्वनिमुद्रित करता येतील, अशी अपेक्षा होती. मोटारवाले आले, पण धमकी कोणी दिली नाही. देण्याची गरजच नव्हती. आडनाव पुरेसे होते. मग कचेरीत गुप्त ध्वनियंत्रे बसवण्यात आली. खंडणीचा गुन्हा सिद्ध करणे अवघड दिसू लागले, तेव्हा एलियट स्पिट्झर या तरुण सहायक वकिलाने मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेतला. हत्यार बुद्धिमान होते यात शंका नाही. पण कायद्याचे हत्यार कोणते निवडले जाते यावर जखमी कोण मानला जाणार हे ठरते. खंडणीच्या गुन्ह्यात पीडित माणूस असतो. स्पर्धा रोखण्याच्या गुन्ह्यात पीडित असते ती स्पर्धा.

१९९२ च्या फेब्रुवारीत खटला उभा राहिला. त्याच वेळी नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये जॉन गॉटीवरील खटला चालू होता आणि जगभरच्या वार्ताहरांच्या नजरा त्याच्या रेशमी टायवर खिळल्या होत्या. मॅनहॅटनमध्ये काय घडले याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. थोडी साक्ष झाल्यावर तडजोड झाली. गॅम्बिनो बंधूंनी व्यापारावर निर्बंध घातल्याचा एक गुन्हा कबूल केला, १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला, त्या परिसरातील वाहतुकीच्या धंद्यातून बाहेर पडण्याचे वचन दिले. कारावास एका दिवसाचाही नाही. व्यवहाराच्या देखरेखीसाठी शहराचे एक माजी पोलिस आयुक्त नेमण्यात आले. गॉटीला त्या वर्षी जन्मठेप झाली आणि २००२ मध्ये तो तुरुंगाच्या रुग्णालयात मेला.

या तडजोडीचे समर्थन करणारे म्हणतात की माणसे तुरुंगात टाकल्याने धंदा स्वच्छ होत नाही, नवा कप्तान येतो, म्हणून धंद्यातून उखडून काढणे हाच खरा उपाय. या युक्तिवादात तथ्य आहे. व्यक्तीपेक्षा व्यवस्थेवर घाव घालावा हे समाजवाद्यांना कोणी शिकवायला नको. मक्तेदारी ढिली झाली, शिलाईखान्यांना दुसऱ्या मोटारी मिळू लागल्या, हेही मान्य करावे. पण मग पुढचा प्रश्न विचारू द्यावा. जर पिढ्यानपिढ्या वसूल झालेला पैसा अन्यायाचा होता, तर तो परत कोणाला? जे काही पीडित मानले गेले ते व्यापारी आणि कंत्राटदार, म्हणजे एक मालकवर्ग आणि त्याचा दुय्यम मालकवर्ग. यंत्रावरची स्त्री त्या खटल्यात ना फिर्यादी होती, ना वाटेकरी. वाहतूक स्वस्त झाल्यावर वाचलेला पैसा तिच्या नगाच्या दरात मिळवावा, अशी एक ओळ त्या करारात घालायला कोणती अडचण होती? अडचण एवढीच की तो पैसा तिचा आहे हे मानावे लागले असते, आणि मग केवळ गॅम्बिनोच्या मोटारीपाशी थांबता आले नसते. सातव्या ॲव्हेन्यूवरच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या पेढीपर्यंत जावे लागले असते.

थॉमस गॅम्बिनोला तुरुंग मुळीच घडला नाही असे नाही. १९९० च्या डिसेंबरात गॉटीबरोबर त्यालाही केंद्र सरकारच्या पोलिसांनी पकडले होते. त्याचा खटला वेगळा काढण्यात आला आणि १९९३ मध्ये पंचांनी त्याला दोषी ठरवले. गुन्हा कोणता? शेजारच्या कनेक्टिकट राज्यातला घराण्याचा जुगार आणि सावकारी यांवर त्याची देखरेख होती, हा. शिक्षा पाच वर्षे. अपिले संपवून तो १९९६ मध्ये तुरुंगात गेला, २००० मध्ये सुटला आणि पुढे तेवीस वर्षे निवांत जगला. म्हणजे ज्या धंद्यातून खरी संपत्ती आली, हजारो शिलाईकामगारांच्या मजुरीला दररोज कात्री लागली, त्याबद्दल दंडाची पावती. आणि परराज्यातल्या जुगाराच्या फडाबद्दल तुरुंग. उत्पादनाच्या क्षेत्रातली लूट ही कायद्याच्या नजरेत व्यवहाराची मर्यादा ओलांडण्यापुरती चूक असते. फासे टाकणे मात्र पाप असते, कारण त्यात कोणीही काही निर्माण केल्याचा देखावा नसतो.

माफिया हटला की शोषण हटते, असे मानणाऱ्यांनी १९९५ चा ऑगस्ट आठवावा. कॅलिफोर्नियातील एल मॉन्टे या गावी काटेरी तारांच्या आत डांबून ठेवलेले ७२ थाई शिलाईकामगार सापडले. तेथे सिसिलीचे कोणतेही घराणे नव्हते. कंत्राटदार होते, आणि शिवलेल्या मालावर मोठमोठ्या दुकानांत चालणाऱ्या नाममुद्रा होत्या.

स्पिट्झर पुढे १९९९ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता झाले आणि त्यांनी वॉल स्ट्रीटच्या गुंतवणूक बँकांना हात घातला. आपल्या धंद्याचा फायदा साधण्यासाठी समभागांबद्दल दिशाभूल करणारे अहवाल देऊन सामान्य गुंतवणूकदारांना बुडवल्याचा आरोप होता. पुरावा बँकांच्याच अंतर्गत पत्रव्यवहारात मिळाला होता. २००३ च्या एप्रिलमध्ये दहा बँकांशी तडजोड झाली. त्यांनी सुमारे १४० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले, आणि आरोप ना कबूल केले ना नाकबूल. थॉमस गॅम्बिनोने निदान एक गुन्हा कबूल केला होता.