कुंडीतला पिंपळ

वैशाख पौर्णिमा जवळ आली की बोधिवृक्षाच्या रोपाची चौकशी सुरू होते. आमच्या ढाणकीतही आता काही घरांत तथागतांच्या मूर्तीशेजारी कुंडीतला पिंपळ दिसतो. कुणी जुन्या भिंतीतून काढून आणलेला, कुणी नागपूरहून येताना विकत घेतलेला, तर कुणाच्या नोकरीवाल्या मुलाने शहरातून आणलेला बोन्साय. उत्साह मोठा असतो. परंतु वर्षभराने यातली बरीच रोपे दिसत नाहीत. विचारले तर उत्तर एकच, "लागलं नाही." म्हणून या वेळी त्याविषयीच लिहीत आहोत.

आमचेही पहिले रोप असेच गेले. शोकेसवर, मूर्तीच्या बाजूला ठेवले होते. रोज वंदना झाली की तांब्याभर पाणी. पाहुणा आला की त्याच्याही हातून पाणी. जवळच मेणबत्ती आणि अगरबत्ती. महिनाभरात पाने पिवळी पडून गळू लागली. पाणी कमी पडते असे समजून आम्ही आणखी घातले. शेवटी कुंडी उलटी केली, तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती. रोज रोपासमोर हात जोडत होतो, पण माती एकदाही बोटाने तपासली नव्हती.

बोधिवृक्ष आजवर टिकला तो माणसांनी जपला म्हणून. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधगयेच्या वृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली. ती फांदी सोन्याच्या पात्रात लावून नेली, असे 'महावंस' सांगतो. म्हणजे हा प्रवास एका परीने कुंडीतूनच झाला! अनुराधपूरला तो वृक्ष आजही आहे. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ मध्ये वादळात पडला. त्यानंतर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तिथे नवे रोप लावले. पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून फांद्या आणल्या. जिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, त्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्या लावल्या गेल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी खड्डा खणला, माती घातली, पाणी दिले, राखण केली.

आता कामाचे बोलू. पिंपळ हे उन्हाचे झाड आहे. अंधाऱ्या खोलीत ते झुरते. पूर्वेची खिडकी, दार किंवा ओसरी बघावी. सकाळचे ३-४ तास ऊन मिळाले की पुरे. जागा रोज बदलू नये, त्यानेही पाने गळतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. तेव्हा दुपारी टिनाच्या पत्र्याखाली किंवा तापलेल्या भिंतीलगत कुंडी ठेवू नये.

पाणी घालण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत घालून बघावे. ओल लागली तर पाणी नको. कोरडे लागले तर तळच्या भोकातून निथळेपर्यंत द्यावे. वैशाखात उथळ थाळीतल्या झाडाला दोन वेळा पाणी लागेल, थंडीत दोन-तीन दिवसांनी. मुळाशी दूध, खीर किंवा तेल ओतू नये. मुंग्या लागतात, मुळे कुजतात. खीर मुलांना द्यावी.

शेतातली काळी माती कपाशीला उत्तम, पण नुसती कुंडीत भरली की चिखल होतो आणि वाळली की दगड. दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग जुने कुजलेले शेणखत असे मिसळावे. महागडी कुंडी नको. गोडेतेलाच्या जुन्या डब्याला तळाशी ४-५ भोके पाडली तरी चालते.

बोन्साय करायचा तर घाई नको. आधी २-३ वर्षे मोठ्या कुंडीत बुंधा जाड होऊ द्यावा. मग दर दोन वर्षांनी पावसाच्या सुरुवातीला झाड काढून मुळांचा तिसरा हिस्सा छाटावा आणि नवी माती द्यावी. नव्या फांदीला ५-६ पाने आली की दोन ठेवून शेंडा खुडावा. निघणारा पांढरा चीक ओल्या फडक्याने पुसावा, डोळ्यांत जाऊ देऊ नये. फांदीला तार गुंडाळली असेल तर ती सालीत रुतण्याआधी काढावी. पानांखाली पिठ्या ढेकूण दिसले तर साबणाच्या पाण्याचे फडके फिरवावे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पिंपळाची पाने गळतात. काही घरांत लगेच अपशकुनाची चर्चा सुरू होते. कुणी शेजारीण मुंज्याची भीती घालते. भगिनींनो, पानगळ हा त्या झाडाचा धर्म आहे. नखाने साल किंचित खरवडून बघा. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. थोड्या दिवसांत तांबूस कोवळी पालवी येईल. तसेच पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो, ही समजूतही खरी नाही. कोणतेही झाड प्राणवायू उजेडातच सोडते. बुद्धाच्या झाडाविषयी तरी आपण तपासूनच बोलावे.

एक प्रश्न मात्र आम्हाला स्वतःलाच पडला. बोन्सायला मराठीत 'वामनवृक्ष' म्हणतात. बळीराजाला पाताळात घालणारा तोच वामन! महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' त त्याची जी उलटतपासणी केली, ती वाचलेल्या माणसाला हा शब्द खटकतोच. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वाढू दिले नाही, त्याने आकाशाला भिडणारे झाड थाळीत कोंडून ठेवावे का?

यावर आमचे मत असे. कुंडीतले झाड आपल्या हातावर जगते. जमिनीतला पिंपळ स्वतः पाणी शोधतो, कुंडीतला शोधू शकत नाही. वैशाखात दोन दिवस गावाला गेलो तरी तो मरू शकतो. त्याची जबाबदारी घेता येत असेल तर जरूर ठेवावा. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या घराला दुसरी जमीन कुठे आहे? पण शोभेसाठी आणून विसरायचे असेल तर आणूच नये.

आणि ज्यांच्या विहाराला आवार आहे, त्यांनी रोप वैशाखात आणून कुंडीत सांभाळावे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा पाऊसही आलेला असतो. त्या सुमारास ते जमिनीत लावावे. भिंत, विहीर आणि पाण्याच्या टाकीपासून दूर लावावे, कारण मुळे बांधकाम फोडतात. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याची पाळी त्याच दिवशी ठरवावी. आमचे दुसरे रोप ओसरीवर तीन उन्हाळे काढून उभे आहे. येत्या आषाढात ते विहाराच्या आवारात जाईल. पाण्याची पहिली पाळी आमची.

जय भीम!